चिऱ्याच्या खुराड्यातल्या पिसवा

कोंबड्या दिवेलागणीला आपणहून खुराड्यात शिरतात, त्यांना हाकलावं लागत नाही. त्या दारापाशी घुटमळायला लागल्या, मान आत घालून परत बाहेर यायला लागल्या, की आत काहीतरी आहे असं खुशाल समजावं. आमच्याकडे गणपती संपले, चाकरमानी मुंबईला परतले आणि त्याच सुमाराला निम्म्या कोंबड्या रोज फणसावर चढून बसायला लागल्या. ह्यांना वाटलं, लांबडं, म्हणजे साप, आत येऊन गेलं असेल. मुंगसावरही संशय घेऊन झाला. पण अंडी फुटलेली नव्हती, पिल्लू कमी झालेलं नव्हतं, दाराची फळी जागच्या जागी. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "जनावर असतं तर ओरडून वाडी उठवली असती. ह्यांना आत झोप लागत नाय."

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात राहतो. परड्यात पंधरा-वीस कोंबड्या, बहुतेक गावठी, दोन-तीन गिरिराज आणि एक म्हातारा कोंबडा. धंदा म्हणून नव्हे. घरापुरती अंडी, पाहुणा आला तर रस्सा, आणि मुंबईला निघालेल्या प्रत्येक पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून डझनभर अंडी, एवढाच पसारा. खुराडं सासऱ्यांनी बांधलेलं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आत बसायला दोन आडवे बांबू, त्यांची टोकं थेट चिऱ्यात खोबणी करून बसवलेली. भक्कम काम. कोल्ह्याची, रानमांजराची भीती नाही. पण चिऱ्याला अंगभर भोकं असतात, आणि ह्या सगळ्या प्रकरणात खरी अडचण त्या भोकांनीच केली.

नंतर मागे वळून पाहिलं तर खुणा आधीपासून दिसत होत्या. अंडी कमी झाली होती, पण पावसाळ्यात ती कमी होतातच. तुरे फिकट पडले होते. रवणीवर बसवलेली काळी कोंबडी, जी एरवी बोटाला चोच मारल्याशिवाय राहत नाही, ती एकवीस दिवस पुरे व्हायच्या आधीच अंडी टाकून उठली. खुडूक कोंबडी अशी अर्ध्यावर उठत नाही. आणि अंडी काढायला मी हात आत घातला की मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल पुरळ. मला वाटलं पेंढ्याची कूस लागते.

पिसंही जात होती. आता पिसं जाणं हे दर वेळी दुखणं नसतं. पाऊस सरता सरता कोंबड्या जुनी पिसं टाकतात, तेव्हा त्या भिकारणीगत दिसतात आणि अंडीही बंद ठेवतात. फरक ओळखायला सोपा आहे: गळलेल्या जागी कातडीतून नवे निळसर काटे वर येत असतील तर निश्चिंत असावं. कोंबडा चढून चढून पाठीवरची पिसं जातात तेही वेगळं, ते पाठीवर आणि मानेमागेच दिसतं. आमच्या कोंबड्यांच्या पाठी शाबूत होत्या. उघडी पडली होती ती शेपटीखालची, ढुंगणाभोवतीची जागा, आणि तिथली कातडी लाल, खरबरीत, मधूनमधून खपली धरलेली. दिवसभर चोच पिसात. दाणे टिपता टिपता मध्येच थांबून अंग खाजवायचं, परत दाणे.

मग एकेकीला धरून बघायला बसलो. धरायची एक पद्धत आहे. दोन्ही पाय एका हातात, छाती आपल्या मांडीवर, डोकं आपल्या काखेकडे. डोळ्यापुढे अंधार झाला की कोंबडी गप्प बसते. धाकट्याने टॉर्च धरला आणि मी शेपटीखालची पिसं फुंकर मारून दुभंगली. आत पिवळसर, चपट्या, तिळापेक्षा लहान उवा होत्या, उजेड पडल्याबरोबर पिसांच्या बुडाशी पळाल्या. इतक्या चपळ, की दुसऱ्यांदा फुंकर मारेपर्यंत जागा रिकामी. पिसांच्या बुडाला मात्र त्यांच्या लिखा पक्क्या चिकटलेल्या, एका पिसावर एक पांढरट गठ्ठा, काही ठिकाणी वाटाण्याएवढा. तो ओढून निघत नाही, पीसच उपटून येतं.

इथवर निदान झालं असं समजून थांबता आलं असतं. उवा सापडल्या, उवांचं औषध करायचं. पण उवांनी कोंबडी झाडावर चढत नाही. उवा तिच्या अंगावरच असतात, खुराड्यात असो नाहीतर फणसावर, चावा तोच. झाडावर गेल्याने सुटका होत असेल तर चावणारं खुराड्यात राहतंय. हा सासूबाईंचा हिशेब. त्यांनी तो एवढ्या शब्दांत मांडला नाही, त्या म्हणाल्या, "रात्रीचं बघ."

रात्री जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन गेले. ज्या कोंबड्या आत बसल्या होत्या त्या झोपलेल्या नव्हत्याच, पाय बदलत होत्या, बांबूवर सरकत होत्या. मी बांबूच्या टोकाशी उजेड टाकला. जिथे बांबू चिऱ्यात शिरतो तिथे राखाडी पूड साचलेली दिसली. पूड हलत होती. जवळ जाऊन पाहिलं तर मिलिमीटरभर लांबीचे किडे, काही राखाडी, काही तांबडे, भोकातून बाहेर येऊन बांबूवरून कोंबडीच्या पायांकडे चाललेले. पांढरं फडकं बांबूच्या खालच्या अंगावरून ओढलं तर फडक्यावर लाल रेघा उठल्या. रक्त कोंबड्यांचं. तोवर माझ्या हातावर चढलेच होते.

सासूबाई ह्या सगळ्यांना पिसवाच म्हणतात. आकाराने मोहरीपेक्षाही लहान, आठ पायांची ही लाल माइट, आणि तिची वागणूक थेट ढेकणाची. दिवसा भेगेत, रात्री बाहेर, पोट भरलं की परत भेगेत. रक्त प्यायच्या आधी राखाडी, प्यायल्यावर लाल. म्हणून दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी करून बघा, तिच्या अंगावर ही सापडत नाही आणि माणूस म्हणतो, कोंबडी स्वच्छ आहे.

त्या रात्री म्हाताऱ्या कोंबड्याचे पायही नीट पाहिले. पायांवरचे खवले उचलले गेले होते, त्यांच्याखाली पांढरट, चुन्याच्या पुटीसारखं काहीतरी धरलेलं, पाय जाड, बोटं वाकडी टाकत चालतो. सगळे म्हणत, वय झालं. वयाने खवले उचलत नाहीत. तो तिसराच जीव, खवल्यांखाली बोगदे करून राहणारा. डोळ्यांना दिसत नाही, फक्त त्याने केलेली नासधूस दिसते.

सकाळपर्यंत वाडीत बातमी आणि दुपारपर्यंत सल्ले. पायांना रॉकेल लाव. तंबाखू उकळून त्याच्या पाण्याने कोंबड्या धू. सीताफळाच्या बिया वाटून अंगाला चोळ. कुणी आंब्यावर मारायच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन आलं, "थेंबभर पाण्यात टाक, एकही किडा राहणार नाय." किडे राहिले नसते, कोंबड्याही राहिल्या नसत्या. झाडावर मारायचं औषध अंड्यात उतरतं आणि ती अंडी आपलीच मुलं खातात. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटीन कातडीतून आत जातं, पाखरू तासाभरात मान टाकतं. सीताफळाची बी उवा मारते हे खरं, पण तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, माणसाच्यासुद्धा, आणि पंख फडफडवणाऱ्या कोंबडीला पूड लावताना ती कुणाच्या डोळ्यात जाईल ह्याचा नेम नाही. रॉकेलने कातडी भाजते. ह्यातलं काहीच केलं नाही.

चुन्याच्या रिकाम्या डबीत किड्यांचा नमुना, एका पाकिटात लिखांसकट पिसं आणि पिशवीत म्हातारा कोंबडा, असा लवाजमा घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथे गाई-म्हशींची रांग. कोंबडी घेऊन येणारं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. लोकांचं म्हणणं असतं, तीनशे-चारशेच्या कोंबडीला डॉक्टर कशाला. पण डॉक्टरांनी भिंगाखाली नीट पाहिलं, आणि पहिला प्रश्न औषधाचा नव्हता. "खुराडं कशाचं आहे?" चिऱ्याचं म्हटल्यावर हसले. "मग काम तुम्हाला आहे, कोंबड्यांना नाही."

त्यांनी जे समजावलं ते मला फार उपयोगी पडलं. तीन किडे, तीन घरं. उवांचं सगळं आयुष्य कोंबडीच्या अंगावर, अंगावरून खाली पडल्या की आठवड्याभरात मरतात. तेव्हा उवांसाठी औषध कोंबडीला. लाल पिसवा राहतात खुराड्यात, अंडी घालतात खुराड्यात, कोंबडीवर येतात ते रात्री जेवायला. तेव्हा त्यांच्यासाठी औषध खुराड्याला. पायांची माइट खवल्यांखाली, तिथे फवारा पोचत नाही, तिथे तेल पोचवायचं. एकाचं औषध दुसरीकडे मारून पैसे आणि महिने फुकट जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. औषधाने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. पिसवांचा अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंतचा फेरा उबदार, दमट हवेत आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो. उवांच्या लिखा चार ते सात दिवसांत फुटतात आणि पूर्ण फेऱ्याला तीनेक आठवडे लागतात. म्हणून एकदा करून भागत नाही, आठवड्या-दहा दिवसांनी परत करायचं, आणि मग पुन्हा एकदा बघायचं. मी विचारलं, कोंबड्या महिनाभर मांगरात हलवल्या आणि खुराडं रिकामं ठेवलं तर उपाशी मरतील का? तर नाही. लाल माइट पोटात काही नसताना कित्येक महिने तग धरते, गार हवेत सात-आठ महिनेसुद्धा. उपासाला ती बधत नाही.

चिठ्ठीवर खुराड्यासाठी डेल्टामेथ्रिनचं द्रावण, कोंबड्यांसाठी परमेथ्रिनची भुकटी. मात्रा इथे लिहीत नाही, कारण बाटलीबाटलीत तीव्रता वेगळी असते आणि ती डॉक्टरांकडूनच घ्यावी. दोन ताकिदी मात्र सगळ्यांसाठी आहेत. डेल्टामेथ्रिन माशांना फार विषारी, उरलेलं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, ओतायचं नाही. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिनपासून तिला लांब ठेवायचं, मांजराच्या शरीराला ते झेपत नाही. आमची मांजर त्या दिवसांत शेजारच्या काकूंकडे मुक्कामाला होती. तिथे तिला रोज बांगडा मिळत होता, परत यायला तयार नव्हती.

कोंबड्याच्या पायांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन की नुसतं तेल, ह्यावर डॉक्टर थांबले. "ह्याला कापायचा आहे का?" आता कठीण प्रश्न. आमच्या वाडीत देवदिवाळीनंतर राखण असते, जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, कोंबडा द्यावा लागतो, आणि हा कोंबडा त्यासाठीच बोललेला होता. आयव्हरमेक्टिन दिलं तर मांस बरेच दिवस खायचं नाही, अंडी देणाऱ्या कोंबडीला दिलं तर अंडीही नाहीत. राखणीचा प्रसाद साऱ्या वाडीने खायचा. तेव्हा इंजेक्शन नको, तेलावर भागवू असं ठरलं.

काम काढलं ते ऑक्टोबरच्या पहिल्या उन्हात. आधी कोंबड्या मांगरात डालग्यांखाली. खुराड्यातला पेंढा, तूस, अंड्यांच्या टोपल्या, सगळं बाहेर काढून तिथेच परड्यात जाळलं. टोपल्यांवरून सासूबाईंशी थोडी वादावादी झाली, एक टोपली त्यांच्या माहेरची होती. ती उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात टाकायची, ह्यावर तह झाला. बांबू खोबणीतून ओढून काढले. एका बांबूचं टोक आपटल्यावर चिरलेल्या पेरातून जे बाहेर सांडलं ते सांगायला नको. कौलं उतरवली तेव्हा आढ्याशी साळुंकीचं जुनं घरटं सापडलं, त्यातही पिसवा. ह्या आल्या कुठून, ह्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथे होतं. रानपाखरांच्या अंगावरून आणि घरट्यांतून त्या येतात. दुसरी वाट बाजाराची, आठवडा बाजारातून नवी तलंग आणायची आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडायची.

मग भिंती. चिऱ्याच्या भोकांत केरसुणी जात नाही, फवाराही वरवर बसतो. तारेच्या ब्रशने घासून झाल्यावर ह्यांनी सुक्या झावळ्यांच्या चुडी बांधल्या आणि पेटवून एकेका चिऱ्यावरून फिरवल्या. कौलं आणि वासे उतरवलेले असल्यामुळे हे जमलं, छप्पर जागेवर असताना कुणी करू नये. भोकाभोकातून तडतड आवाज येत होता. हा उपाय सासऱ्यांच्या वेळचा, दर दोन-चार वर्षांनी ते खुराडं असं भाजून काढत, हे सासूबाईंनी भिंत निम्मी भाजून झाल्यावर सांगितलं.

भिंती गार झाल्यावर डेल्टामेथ्रिनची फवारणी. पाठीवरच्या पंपाने, तोंडाला फडकं, हातात मोजे, नोझल भोकाला जवळजवळ टेकवून. भिंतीपेक्षा सांध्यांवर जोर. दाराच्या फळीची मागची बाजू, बिजागऱ्या, वाशांच्या खाचा. पूर्ण सुकेपर्यंत कोंबड्या आत सोडल्या नाहीत. आठवड्याने पुन्हा फवारलं, आणि त्यानंतर सगळी भोकं सिमेंट-वाळूच्या पातळ गिलाव्याने बुजवून वर चुन्याचे दोन हात दिले. गवंडी म्हणाला, चिऱ्याला गिलावा म्हणजे चिऱ्याचा अपमान. असेल. माझ्या मते ह्या साऱ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोग त्याच गिलाव्याचा झाला. औषधाचा अंमल उतरतो, बुजवलेलं भोक बुजलेलंच राहतं.

कोंबड्यांना भुकटी लावायचं काम रात्रीचं. अंधारात त्या पळत नाहीत. आधी लिखांचे गठ्ठे असलेली पिसं कात्रीने छाटून चुलीत टाकली, कारण त्या गठ्ठ्यांवर भुकटीचा काही परिणाम नाही. मग जुन्या पायमोज्यात भुकटी भरून तो हलके आपटत शेपटीखाली, पंखांखाली, मानेच्या मागे, मांड्यांच्या आत. चोचीकडे, डोळ्यांकडे अजिबात नाही. मग पिसं बोटांनी उलटी फिरवायची, म्हणजे भुकटी कातडीपर्यंत जाते. नाहीतर ती पिसांवरच बसते आणि कोंबडीने अंग झाडलं की आपल्या तोंडावर. जिथे खाजवून कातडी फाटली होती तिथे भुकटी टाळली, मिठाच्या कोमट पाण्याने पुसून घेतलं, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं आणि त्या कोंबडीला वेगळी ठेवली. रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात, माया वगैरे काही नसते.

अंडी. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस एकही अंडं खाल्लं नाही, कुणाला दिलं नाही. ती नारळाच्या आळ्यात पुरली. ह्याचा सर्वांत जास्त त्रास कुणाला झाला असेल तर फोनवरून अंड्यांची चौकशी करणाऱ्या मुंबईकरांना.

कोंबड्याचे पाय हे सगळ्यांत संथ प्रकरण. घमेल्यात कोमट पाणी, त्यात थोडा अंगाचा साबण, त्यात त्याला उभा करून पुटी भिजू द्यायची. मग जुन्या टूथब्रशने वरून खाली हलके घासायचं, सुटेल तेवढं सुटेल. खवला नखाने उचकटायचा नाही, खालून रक्त येतं. पुसून कोरडं केलं की खोबरेल तेलात थोडं करंज तेल मिसळून बोटांच्या बेचक्यांपर्यंत चोळायचं आणि वर व्हॅसलिनचा थर. हवा बंद झाली की खवल्याखालचा किडा गुदमरतो, एवढंच त्यामागचं तत्त्व. दर दोन-तीन दिवसांनी हा अभ्यंगस्नानाचा सोहळा. पहिल्या काही वेळा त्याने पंखांनी माझ्या थोबाडीत दिल्या, पुढे घमेलं दिसलं की स्वतःच उभा राहायला लागला. गरम पाण्याचं सुख कळतं त्यांना. दिवाळी उलटेपर्यंत पुटी गेल्या, पाय बारीक झाले, पण मोडलेले खवले आहेत तसे. नवे यायला पुढचा पिसं टाकायचा हंगाम लागेल असं डॉक्टर म्हणाले.

ह्या सगळ्यामागे पावसाचा हात किती, ते आंघोळीच्या खड्ड्यावरून लक्षात आलं. कोंबडी पाण्याने अंग धूत नाही, मातीने धुते. कोरड्या मातीत खड्डा करून त्यात लोळते, माती पिसांत भरते, झाडते, आणि उवा त्याबरोबर जातात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या परड्यात मूठभर कोरडी माती मिळणार नाही. म्हणजे चार महिने ह्या बिनआंघोळीच्या, त्यात दमट, बंद खुराडं. उवांना ह्याहून चांगला काळ कुठला?

आता पडवीच्या कोपऱ्यात ट्रॅक्टरचा जुना टायर आडवा टाकलाय. त्यात चाळलेली माती, चुलीतली राख आणि थोडं गंधक. राख लाकडाचीच हवी, आणि पूर्ण गार. चुलीत प्लास्टिक जाळणाऱ्यांनी ह्या भानगडीत पडू नये. गंधक मात्र इथल्या आंबेवाल्यांकडचं पाण्यात मिसळायचं नको, कोरडी, अगदी बारीक (300 मेश) भुकटी हवी. माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेत भुरी रोगासाठी ती पोत्याने पडलेली असते. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, आता कोंबड्यांना द्राक्षं लागणार का?" पण एसटीने पाच किलोची पिशवी धाडली. टायरभर मातीत दोन-तीन मुठी पुरतात. जास्त घातलं तर डोळे चुरचुरतात, कोंबड्यांचे आणि झाडणाऱ्याचेही. गंधकामुळे उवा हटतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, टायर ठेवल्यानंतर नवे गठ्ठे धरले नाहीत. सासूबाई अंड्यांच्या टोपलीत पेंढ्याखाली निर्गुडीचा पाला घालतात. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, घालू द्या, नुकसान नाही. नुकसान नाही आणि वासही छान येतो.

माझ्या हातावरचं पुरळ खुराडं साफ झाल्यावर आठवड्यात आपोआप गेलं. लाल माइट माणसाला चावते, पण माणसाच्या अंगावर संसार थाटत नाही. शेजारच्या वहिनींना तीच खाज होती आणि त्या खरजेचं मलम लावत बसल्या होत्या. त्यांचं खुराडं आमच्या भिंतीला लागून. मग काय, तेही भाजलं.

आता तपासणीला जाड पुठ्ठ्याचा तुकडा वापरतो, पन्हाळीच्या आतल्या थराचा. तो बसायच्या दांड्याच्या खालच्या अंगाला बांधून ठेवायचा. पिसवा असतील तर त्या दिवसा त्या पन्हाळीत लपतात, दोन दिवसांनी सोडून पांढऱ्या ताटात झटकला की कळतं. धाकट्याने हे खातं स्वतःकडे घेतलंय. नोव्हेंबरात एकदा चार-पाच सापडल्या, लगेच सांधे फवारले, त्यानंतर ताट स्वच्छ. कोंबड्या फणसावरून उतरायला मात्र वेळ लागला. सवय लागली की त्या सोडत नाहीत, रात्री शिडी लावून एकेक उतरवून आत ठेवावी लागली, तेव्हा कुठे लाइनीवर आल्या.

राखणीला शेवटी तो म्हातारा कोंबडा गेलाच नाही. घमेल्यात उभं राहून पाय पुढे करणाऱ्याला कापायला ह्यांचा हात धजेना, सासूबाईंनीच जागेवाल्याला गाऱ्हाणं घातलं आणि बाजारातून दुसरा आणला. आणल्या दिवशी त्याची शेपटी आणि पाय बघितले, राखणीपर्यंत मांगरात डालग्याखाली वेगळा ठेवला. बांबूंच्या जागी आता पाणीपंपाचे जुने लोखंडी पाइप आहेत. भिंतीत न घुसवता दोन घोड्यांवर (स्टँडवर) टेकवलेले, म्हणजे उचलून घासता येतात आणि पिसवांना लपायला पेर नाही. थंडीत लोखंड गार पडतं म्हणून त्यांवर सुतळी गुंडाळावी अशी ह्यांची सूचना होती, ती फेटाळली, सुतळीत पुन्हा भेगाच भेगा. घोड्यांच्या पायांना ग्रीस फासलंय, खालून चढणारं तिथे अडकतं. ते ग्रीस मात्र महिन्याला पुसून नवं लावावं लागतं, त्यात तूस आणि पिसं चिकटून पूल तयार होतो.